वाचता येतं, पण वाचवत नाही

"माझी मुलगी १४ वर्षांची आहे, नववीत शिकते. चौथी-पाचवीत असताना गोष्टींची पुस्तकं खाली ठेवत नसे. आता दिवसभर फोनवर काही ना काही वाचत असते, पण पुस्तकाचं दुसरं पान उलटत नाही. धडा वाच म्हटलं की त्याचा व्हिडिओ बघते, नाहीतर एआयकडून सारांश काढून घेते. उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं म्हणजे उताऱ्यातलीच वाक्यं उचलून ठेवलेली. व्हिडिओत कुणी ठामपणे काही सांगितलं की तिच्या लेखी ते खरंच. तिचे बाबा म्हणतात, फोन काढून घ्यावा. मला वाटतं, त्यानं नुसती भांडणं वाढतील. मेसेजच्या भाषेमुळे तिचं शुद्धलेखन बिघडतंय का, हीही एक काळजी आहे. काय करावं?"
– एक आई

नमस्कार,

फोनचा निर्णय आठवडाभर लांबणीवर टाका. आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधू या, कारण "वाचत नाही" या तक्रारीखाली तीन निरनिराळी दुखणी असू शकतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. त्यांनी बेरीज न करता गुणाकार केला, ही त्यातली मेख. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून हाती काही लागत नाही. नववीच्या वयात याला तिसरी गोष्ट जोडायला हवी, ती म्हणजे दम. दोन परिच्छेद उत्तम समजणाऱ्या मुलीला दहा पानं सलग वाचवतीलच असं नाही.

तेव्हा एका मोकळ्या दुपारी घरीच चाचणी घ्या. "चाचणी" हा शब्द तिच्यासमोर न वापरलेला बरा. साधारण सारख्याच अवघडपणाचे, तिनं आधी न वाचलेले तीन उतारे घ्या, प्रत्येकी ३०० शब्दांच्या आसपास. विषय माहितीचा असावा, गोष्ट नको. गोष्टीत पुढचं अंदाजानं कळतं आणि दुखणं झाकलं जातं.

पहिला उतारा तिनं मोठ्यानं वाचावा. तुम्ही दुसरी प्रत हातात धरा आणि चुकलेल्या शब्दांवर मुकाट्यानं टिंब द्या, मध्ये टोकू नका. १०० शब्दांत ५ पर्यंत चुका असतील तर काळजी नाही. १० च्या वर गेल्या तर तो मजकूर तिला एकटीनं वाचायला जड आहे. चुकांच्या संख्येपेक्षा चुकांचा प्रकार जास्त बोलतो. "परिणाम"चं "परिमाण", "प्रमाण"चं "प्रणाम" होत असेल, म्हणजे पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द ठोकून दिला जात असेल, तर ती घाई आहे आणि ती सुधारते. "उद्ध्वस्त", "वैशिष्ट्य", "आर्द्रता" अशा जोडाक्षरांपाशी दरवेळी गाडी अडत असेल तर मूळ शब्दओळखीतच कच्चेपणा आहे.

दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, तिसरा तिनं मनात वाचावा. प्रत्येक उतारा झाला की तो बाजूला ठेवून तिला मिनिटभर स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा आणि एकच प्रश्न विचारा, "का"नं सुरू होणारा. "कधी", "कुठे", "किती" यांची उत्तरं वाक्य उचलूनही देता येतात. "का"चं उत्तर बहुतेक वेळा दोन वाक्यं जोडल्याशिवाय सापडत नाही.

ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, तर अडचण शब्दओळखीत. ऐकूनही समजत नाही, तर शब्दसंग्रह आणि त्या विषयाची आधीची माहिती तोकडी. तिन्ही उतारे बरे गेले, तरीही पुस्तक घेऊन बसवत नाही, तर दम गेलाय. पाचवीपर्यंत भरपूर वाचलेल्या मुलीच्या बाबतीत हा तिसरा प्रकार संभवतो. तुमचं पत्र वाचूनही तसंच वाटतं, पण चाचणी न घेता आमच्या अंदाजावर विसंबू नका.

आता पडद्याबद्दल. ती दिवसभर फोनवर वाचते हे तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंच वाचन आहे. फक्त ते तीन ओळींचं वाचन आहे. फोनवर डोळा मजकुरावरून घसरत कामाचा तुकडा टिपायला शिकतो. मेसेजसाठी ती पद्धत अगदी योग्य, पण तीच सवय धड्यावर चालवली की गोंधळ होतो. २०१८ मध्ये पाब्लो डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, वाचक १,७०,००० हून जास्त. कागदावर वाचणाऱ्यांना मजकूर थोडा जास्त समजला होता. फरक मोठा नव्हता. तो माहितीपर मजकुरात दिसला, निव्वळ गोष्टींत दिसला नाही, आणि वेळेचं बंधन असताना तो वाढला. पडद्याची सवय वाढत गेली तसा हा फरक मिटायला हवा होता. झालं उलटं, २००० ते २०१७ या काळात तो वाढतच गेला. याचं एक पटणारं कारण असं की पडद्यावर आपण भराभर पुढे जातो आणि समजलं नसतानाही समजलं असं वाटतं.

यातून घ्यायचं ते एवढंच: अभ्यासाचा माहितीपर मजकूर दोन पानांहून मोठा असेल तर तो कागदावर. गोष्टी, कादंबऱ्या तिला फोनवर वाचायच्या असतील तर खुशाल वाचू द्या. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

दम परत आणायचा उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. पहिल्या दिवशी मोजमाप घ्या. फोन दुसऱ्या खोलीत, नुसता पालथा घालून शेजारी ठेवलेला चालणार नाही. कागदी पुस्तक, पेन्सिल, साधं घड्याळ. वाचताना ज्या क्षणी "आता काहीतरी बघावं" असं पहिल्यांदा वाटेल, त्या क्षणी तिनं समासात वेळ लिहायची. ६ मिनिटं येतील, ९ येतील. आकडा लहान आला म्हणून चेहरा पाडू नका. ६ आला तर पहिले चार दिवस रोज ६ मिनिटंच वाचायचं, आणखी वाचावंसं वाटलं तरी उठायचं. पाचव्या दिवसापासून ८. पुढे दर चार दिवसांनी २ मिनिटांची भर. अशानं सात आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत पोचता येतं, आणि नववीच्या अभ्यासाला सलग अर्धा तास पुरतो. मध्येच एखाद्या टप्प्यावर गाडी रुतेल. तेव्हा मागच्या आकड्यावर चार दिवस थांबायचं, पुढे रेटायचं नाही.

हा उपाय फसतो तो ठरावीक ठिकाणी. पालक पहिल्याच दिवशी तासभर बसवतात. वाचनाची वेळ रात्री साडेदहाला ठेवली जाते, जेव्हा डोळे मिटत असतात. फोन जास्त वापरल्याची शिक्षा म्हणून पुस्तक हातात दिलं जातं, म्हणजे पुस्तक कायमचं नावडतं झालंच. आणि सगळ्यात जास्त वेळा फसतं पुस्तकाच्या निवडीत. तुम्हाला तिच्या वयात जे आवडलं, ते तिला द्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण निवड तिची हवी, आणि चाळणी फक्त एक हवी: अवघडपणाची. कुणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्क्यांच्या आसपास शब्द आधीच ओळखीचे लागतात, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक हू आणि नेशन यांना २००० मध्ये दिसलं. पानावर साधारण २५० शब्द असतात असं धरलं, तर अडणारे शब्द पाचापर्यंत. कुठलंही मधलं पान उघडायचं, अडणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. मूठ मिटूनही शब्द उरले तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. सातवीच्या मुलांचं पुस्तक तिला आवडलं तरी नाक मुरडू नका, दम वाढवायला सोपं पुस्तकच लागतं. कॉमिक्स, खेळाडूंची चरित्रं, भुताखेतांच्या गोष्टी, सगळं चालेल. "हे काय वाचतेस?" हा प्रश्न त्या सुरात विचारू नका, बस.

धड्यातली वाक्यं उचलणं हा मुख्यतः आळस नसतो. वाक्य उचलण्यासाठी ते समजावं लागत नाही. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचं उतरवायचं, एवढंच लागतं. शोधखिडकीत शब्द टाकून उत्तर मिळवण्याची सवय असलेल्या पिढीला हे फार सहज जमतं. यावर उपाय म्हणजे उत्तर लिहिताना पुस्तक बंद. एक परिच्छेद वाचायचा, पान झाकायचं, त्यात काय सांगितलं ते एका वाक्यात मोठ्यानं बोलायचं, मग पुढचा परिच्छेद. सुरुवातीला तिला हे छळासारखं वाटेल, कारण वाचलेलं आठवत नाही हे उघडं पडतं.

तेव्हा तिला हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग सांगा. या वयात "मी सांगते म्हणून"पेक्षा पुराव्याचा जास्त उपयोग होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटानं मजकूर चार वेळा अभ्यासला. दुसऱ्यानं एकदाच अभ्यासला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं चित्र पालटलं: वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवणारे ६१ टक्क्यांवर. पुन्हा वाचल्यावर "आलं सगळं" असं का वाटतं आणि परीक्षेत ते का निसटतं, याचं उत्तर त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे. व्हिडिओ बघून धडा "समजला" असं वाटतं, त्यामागेही हीच फसगत असते. सांगणाऱ्याचं ओघवतं बोलणं आपल्याला स्वतःचं आकलन वाटतं. व्हिडिओ बंद करू नका. बघून झाल्यावर लगेच कोरा कागद, तीन मिनिटं, आठवेल ते लिहायचं आणि मग पुस्तकाशी ताडून बघायचं.

एआयच्या सारांशालाही सरसकट बंदी घालू नका, क्रम बदला. आधी तिनं धडा वाचून तीन ओळी लिहायच्या, मग यंत्राचा सारांश मागायचा, मग दोन्ही शेजारी ठेवून तीन गोष्टी शोधायच्या: यंत्रानं काय गाळलं, काय चुकीचं लिहिलं, आपल्याकडून काय सुटलं. गाळलेल्या गोष्टींत बऱ्याचदा "मात्र", "तरीही", "जोपर्यंत", "याउलट" असे शब्द आणि त्यांच्या मागे येणाऱ्या अटी सापडतात. लेखकाचा युक्तिवाद त्याच शब्दांवर उभा असतो, म्हणून नुसत्या सारांशावर वाढलेल्या मुलांना निष्कर्ष माहीत असतो पण तो कसा निघाला ते सांगता येत नाही. चुकीचं लिहिलेलं सापडेलच असं नाही, पण सापडलं की मुलं हरखतात. यंत्र चुकतं तेव्हाही त्याच ठाम सुरात चुकतं, हे तिला एकदा स्वतः पकडू द्या. याहून चांगला वापर म्हणजे त्याला प्रश्नकर्ता करणं: "या धड्यावर मला पाच 'का' विचार, उत्तरं सांगू नकोस, माझं उत्तर चुकलं तर फक्त इशारा दे." हे वाक्य तिनं स्वतः टाइप करावं.

व्हिडिओवर विश्वास ठेवण्याबद्दल तिला फार बोल लावू नका. २०१८ च्या पिसा चाचणीत, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत, मजकुरातल्या आडवळणाच्या खुणांवरून वस्तुस्थिती आणि मत यांतला फरक ओळखणारे विद्यार्थी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांत सरासरीनं दहात एकाहूनही कमी निघाले. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना अनोळखी संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला दिली: १० इतिहासाचे अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. विद्वान आणि विद्यार्थी बरेचदा त्याच पानावर रेंगाळले, त्याची मांडणी, बोधचिन्ह, भाषा निरखत राहिले आणि फसले. तपासनीस काही क्षणांतच ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि या मंडळींबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. त्यांना वेळही कमी लागला.

तुमच्या मुलीला हीच चाल शिकवायची. आठवड्यातून एकदा, तिनंच पाहिलेला एक व्हिडिओ घ्या. त्यातला दावा तिनं एका वाक्यात लिहायचा, कारण निम्मे व्हिडिओ इथेच गळतात; लिहायला गेलं की दावाच सापडत नाही, नुसता आवाज सापडतो. मग सांगणाऱ्याचं नाव नव्या टॅबमध्ये शोधायचं: हा कोण, यातलं त्याला काय कळतं, हे पटलं तर त्याचा काय फायदा. मग तोच दावा दुसऱ्या दोन, एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी आहे का ते बघायचं. शेवटी तारीख, कारण जुनं चित्र नव्या घटनेला चिकटवणं फार सोपं असतं. दहा मिनिटांत आटपतं. एक सावधगिरी: पहिला व्हिडिओ तिच्या आवडत्या माणसाचा निवडू नका. तो खोटा ठरला तर ती पद्धतीवरच रुसेल. तुम्हाला आलेला एखादा फॉरवर्ड मेसेज पहिला घ्या आणि तो फोडायचा मान तिला द्या.

आता बाबांचा मुद्दा. फोन पूर्ण काढून घेतला तर अभ्यासाचे गट, मैत्रिणी, शाळेच्या सूचना सगळंच तुटतं, आणि ते परत मिळवण्याचे चोरवाटांचे उपाय मुलं शोधतातच. बाबांची भीती मात्र उगाच नाही. "फोननं मुलांची वाट लागते" आणि "फोननं काहीच होत नाही" ही दोन्ही टोकं पुराव्यात बसत नाहीत. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या पाहण्यांची आकडेवारी तपासली तेव्हा किशोरांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा तंत्रज्ञानाच्या वापराशी संबंध लागला. हा आकडा मनःस्वास्थ्याचा आहे, वाचनाचा नाही, त्यामुळे घरातल्या वादात तो कुणीच हत्यार म्हणून वापरू नये. वाचनाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न सोपा आहे: फोननं कुठल्या गोष्टीची वेळ खाल्ली? आठवडाभर तिनं स्वतः वहीत नोंद ठेवावी. दोन तास गेले हे महत्त्वाचं नाही. ते झोपेतून गेले, खेळातून गेले की नुसत्या रिकामपणातून, हे महत्त्वाचं.

झोपेतून गेले असतील तर तिथे मात्र ठाम राहा, बाकी कशावरही नाही राहिलात तरी चालेल. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस आहे. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचा संदेश देणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, त्यामुळे तिला अकरापर्यंत झोप न येणं हा हट्ट नसतो. त्यावर फोन आला की अकराचे साडेबारा होतात. झोप मोडलेल्या मुलीला सकाळी परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाचेपर्यंत पहिलं आठवत नाही, आणि आपण म्हणतो वाचनाची आवड गेली. म्हणून चार्जर सगळ्यांचे, तुमचेसुद्धा, झोपायच्या खोलीबाहेर. झोपेच्या तासभर आधी फोन तिथे जातील. "गजर लावायचाय" ही सबब हमखास येईल, म्हणून साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

फोनमध्ये दोन बदल पुरतात. कॉल आणि माणसांनी स्वतः पाठवलेले मेसेज सोडून सगळ्या सूचना बंद. आणि व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय जिथे बंद करता येते तिथे बंद. छोट्या व्हिडिओंच्या अखंड पट्टीला शेवट नसतो. पुस्तकाचं प्रकरण संपतं, तिथे थांबायला जागा असते. इथे ती मुद्दाम काढून टाकलेली असते. ॲपवर वेळेची मर्यादा घालण्याच्या सोयीवर आमचा फारसा भरवसा नाही. "आणखी १५ मिनिटं" हे बटण तिथेच असतं आणि बोटाला आठवडाभरात त्याची जागा पाठ होते.

शुद्धलेखनाची काळजी बरीचशी सोडून द्या. बेव्हर्ली प्लेस्टर आणि क्लेअर वुड यांनी ब्रिटनमधल्या मुलांवर केलेल्या अभ्यासांत मेसेजमधल्या तोडलेल्या-मोडलेल्या शब्दांचा वापर आणि कच्चं वाचन-लेखन असा संबंध दिसला नाही, उलट अशी रूपं सहज बनवणाऱ्या मुलांना शब्दांतले ध्वनी चांगले कळत होते. तो अभ्यास इंग्रजीचा होता, एवढी मेख ध्यानात ठेवा. मराठी रोमन लिपीत टाइप केली की ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच उरत नाही, आणि देवनागरी कीबोर्ड अर्ध्या शब्दावरच पूर्ण शब्द सुचवतो. शब्द ओळखता येतो, पण हातानं लिहायची वेळ आली की "मी" पहिली की दुसरी असा प्रश्न पडतो. तेव्हा मेसेजना हात न लावता रोज पाच ओळी हातानं लिहायला सांगा, वाचलेल्याच मजकुरावर. त्या तपासताना लाल शाई नको. आठवड्यातून एकदा, सगळ्यात जास्त वेळा चुकलेले तीनच शब्द काढा.

एक गोष्ट राहिली. मोठ्यानं वाचण्याच्या चाचणीत ती वारंवार अडखळली असेल, आणि मागे वळून पाहता लहानपणीही गोष्टी तुम्हीच वाचून दाखवत होतात, ती चित्रं बघत होती, असं आठवलं, तर वरचं वेळापत्रक सुरू करू नका. आधी डोळे तपासून घ्या, मग वाचन-अक्षमतेचं मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. जाताना टिंबं दिलेली ती प्रत बरोबर न्या. कुठले शब्द, कुठल्या जागी, कसे चुकले हे त्यावर दिसतं.

– सल्ला सदर